दोन दांड्या आणि एक स्प्रिंग

विजेच्या जनित्रांविषयी शिकविताना एक प्रश्न हमखास येतो. चंद्रपूरचे जनित्र कोळशावर तयार झालेल्या वाफेने फिरते, कोयनेचे पाण्याने फिरते. दोघांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर आहे. तरी दोघांची वीज एकाच तालात कशी? त्यांना कोणी ताल धरून देतो का? प्रश्न विचारणाऱ्याचे कौतुक करून आपण सांगतो, "चुंबकी क्षेत्रांमुळे ती एकमेकांशी जखडलेली असतात." विद्यार्थी मान डोलावतो आणि तास पुढे सरकतो.

हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. त्याऐवजी अभियंत्यांनी स्वतःसाठी तयार केलेले एक जुने स्पष्टीकरण येथे तपासून पाहावयाचे आहे. ते आहे दोन दांड्या आणि एक स्प्रिंग यांच्या प्रतिकृतीचे. वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता ग्रिस्कम यांनी १९२६ साली ती मांडली. पुढे एडवर्ड किम्बार्क यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात तिला जागा दिली आणि ती अनेक पिढ्यांच्या अभियंत्यांपर्यंत पोहोचली. प्रतिकृती उत्तम आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण ती मनात एक चुकीची समजूतही रुजविते आणि त्या समजुतीची किंमत मोठी आहे. म्हणून ही तपासणी.

कुलूप, लेझीम आणि तराजू

आधी वर्गात चालणाऱ्या उपमा पाहू. पहिली कुलपाची. स्टेटरमधले फिरते चुंबकी क्षेत्र आणि रोटरचे चुंबकी ध्रुव एकमेकांना 'कुलूप' लावतात, असे सांगितले जाते. कुलूप एक तर लागलेले असते किंवा उघडलेले. त्यात कमी-जास्त असे काही नसते. समकालिक यंत्रात मात्र सारी गोष्ट कमी-जास्त असण्याचीच आहे. भार वाढला की रोटर आणि क्षेत्र यांच्यामधला कोन बदलतो, आणि त्या कोनावरच किती शक्ती इकडून तिकडे जाते ते ठरते. कुलपाच्या उपमेत कोनाला जागा नाही.

दुसरी उपमा लेझीमची. सगळे एका ठेक्यावर हलतात, तशी जनित्रे पन्नास हर्ट्झच्या ठेक्यावर फिरतात. ऐकायला हे छान वाटते. पण लेझीमच्या पथकापुढे हलगी वाजविणारा असतो. विजेच्या जाळ्यात असा हलगीवाला कोठेही नाही. भारप्रेषण केंद्रातून कोणी ठेका पाठवीत नाही. प्रत्येक यंत्र तारांमधून आलेली इतर यंत्रांची ओढ तेवढी 'ऐकते' आणि सर्वांचा मिळून एक ताल ठरतो. ही उपमा वापरणाऱ्याने निदान हलगी काढून घ्यावी.

तिसरी उपमा तराजूची. एका पारड्यात निर्मिती, दुसऱ्यात मागणी. मागणी जड झाली की वारंवारता खाली जाते, निर्मिती जड झाली की वर. ही उपमा खरी आहे, पण ती साऱ्या जाळ्याची मिळून एक बेरीज सांगते. जाळ्याच्या एका टोकाची यंत्रे दुसऱ्या टोकाच्या यंत्रांपासून तुटू पाहत असतील, तर तराजूला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रतिकृती कशी आहे?

एका खिळ्यावर दोन दांड्या बसवा. घड्याळाच्या काट्यांसारख्या त्या मोकळ्या फिरल्या पाहिजेत. त्यांची बाहेरची टोके एका स्प्रिंगने जोडा. एक दांडी म्हणजे जनित्र, दुसरी म्हणजे दूरचे यंत्र किंवा उरलेले सारे जाळे, आणि स्प्रिंग म्हणजे त्यांना जोडणारी वाहिनी. दांडीची लांबी त्या यंत्रात निर्माण होणाऱ्या विद्युत् दाबाच्या प्रमाणात घ्यावयाची. दांड्यांच्या आसांना दोरी गुंडाळून वजने टांगली, की एकीला पुढे आणि दुसरीला मागे पीळ देता येतो. पुढचा पीळ म्हणजे टर्बाइनचा जोर, मागचा म्हणजे भार.

वजने नसताना दोन्ही दांड्या एकावर एक येतात. वजने टांगली की एक पुढे सरकते, एक मागे राहते, मध्ये कोन पडतो आणि स्प्रिंग ताणली जाते. स्प्रिंगची ओढ वजनांच्या पिळाइतकी झाली की दांड्या थांबतात.

या प्रतिकृतीतले गणित दहावीच्या विद्यार्थ्याला करता येण्यासारखे आहे. स्प्रिंगची ओढ तिच्या लांबीच्या प्रमाणात आहे असे धरा. ओढीला खिळ्यापासूनच्या लंबांतराने गुणले की पीळ मिळतो. पण स्प्रिंगची लांबी गुणिले तो लंब म्हणजे दोन दांड्या व स्प्रिंग मिळून होणाऱ्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट! आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ दोन बाजू व त्यांमधल्या कोनाची साइन यांच्या गुणाकाराच्या निम्मे. म्हणून पीळ हा दोन दांड्यांच्या लांब्या आणि कोनाची साइन यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात येतो. दोन समकालिक यंत्रांमधून वाहणाऱ्या शक्तीचे सूत्रही नेमके असेच आहे: दोन दाबांचा गुणाकार, भागिले वाहिनीचा प्रतिरोधी गुण, गुणिले कोनाची साइन. म्हणजे येथे केवळ दिसण्यातले साम्य नाही, समीकरणच एक आहे. शाळेत वापरल्या जाणाऱ्या किती उपमांविषयी असे म्हणता येईल?

तिचे देणे

या प्रतिकृतीने तीन गोष्टी एकदम दिसतात.

पहिली, कोन. यंत्रे सारख्या गतीने फिरत असूनही एक दुसऱ्याच्या पुढे असते, आणि त्या पुढे असण्यामुळेच शक्ती वाहते. 'समकालिक' या शब्दाने ही गोष्ट झाकली जाते. दोन माणसे सारख्या वेगाने चालत असली तरी एक दोन पावले पुढे असू शकतो.

दुसरी, मर्यादा. साइनची किंमत ९० अंशांना सर्वाधिक असते. वजने वाढवीत गेलो की आधी कोन थोडाथोडा वाढतो, मग तेवढ्याच वजनाला अधिक वाढतो, आणि ९० अंश ओलांडले की आणखी कोनाने ओढ वाढण्याऐवजी कमी होते. मग दांड्या सुटतात आणि गरगर फिरतात. यंत्राची समकालिकता सुटणे ते हेच. कुलपाच्या उपमेत कुलूप का तुटते हे कधीच कळत नाही. येथे ते डोळ्यांपुढे घडते.

तिसरी, दोलन. एखादे वजन अचानक वाढविले तर दांडी नव्या जागी जाऊन थांबत नाही. ती पुढे निघून जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. रोटर जड असतो, जडत्व आहे म्हणून दोलन आहे. जुने अभियंते याला 'हंटिंग' म्हणत, म्हणजे यंत्र आपली जागा शोधत फिरते.

येथे एक हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. दोन ध्रुवांचा रोटर मिनिटाला ३,००० फेरे, म्हणजे सेकंदाला १८,००० अंश फिरतो. तो सेकंदाला एक या लयीत ५ अंश मागे-पुढे होऊ लागला, तर त्याच्या गतीत पडणारा जास्तीत जास्त फरक सेकंदाला ३१ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांमध्ये सुमारे ५ फेऱ्यांचा फरक. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला तो दिसणार नाही. आपण ज्याला स्थिर गती म्हणतो तिच्या पोटात हे हलणे चाललेले असते. प्रतिकृती जणू आपल्याला रोटरबरोबर फिरणाऱ्या पाळण्यात बसविते आणि मग तेथून हे सूक्ष्म हलणे दिसू लागते. दांड्या खिळ्यावर उभ्या असतात, त्या मिनिटाला ३,००० वेळा फिरत नाहीत, हे मात्र शिक्षकाने आवर्जून सांगितले पाहिजे. नाही तर विद्यार्थी घोटाळ्यात पडतो.

ती कोठे फसविते?

आता आक्षेपाकडे वळू. या प्रतिकृतीशी खेळणाऱ्याच्या मनात एक धडा आपोआप पक्का होतो: स्प्रिंग जितकी ताठ, तितके यंत्र स्थिर. दांड्या लांब करा, स्प्रिंग जोरदार घ्या, कोन कमी पडेल, मर्यादा दूर जाईल. हे सारे खरे आहे. पण स्थैर्य म्हणजे एवढेच नव्हे.

मराठीत 'स्थिर' या शब्दाने आपण दोन अर्थ सांगतो. एक, जे हलत नाही ते. दुसरा, जे हलविले तरी परत जागेवर येते ते. दुसऱ्या अर्थातही दोन प्रश्न लपलेले आहेत. परत खेचणारी ओढ आहे का? आणि परत आल्यावर हलणे थांबते का? पहिल्याला ताठपणा म्हणू, दुसऱ्याला शमन. वाटीत सोडलेली गोटी तळाकडे येते ती वाटीच्या उतारामुळे, पण शेवटी थांबते ती घर्षणामुळे. उतार वाढवून गोटी लवकर थांबत नाही, फक्त लवकर हलते.

ग्रिस्कम यांच्या प्रतिकृतीत ताठपणा नेमका आहे. शमन मात्र खिळ्याच्या घर्षणातून आणि हवेतून फुकट येते. त्यामुळे टेबलावर ठेवलेल्या प्रतिकृतीचे प्रत्येक दोलन थोड्या वेळाने थांबतेच. पाहणाऱ्याला वाटते, दोलने आपोआप विरतात, तो निसर्गनियमच आहे. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. प्रतिकृतीने जे सिद्ध केलेले नाही, ते ती नुसत्या वागण्याने पटवून देते.

खऱ्या यंत्रात शमन मुद्दाम आणावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, वाफेच्या दट्ट्याच्या इंजिनांवर चालणारी जनित्रे एकमेकांना जोडली जाऊ लागली, तेव्हा इंजिनाच्या धक्क्यांनी ती डोलू लागत. फ्रेंच अभियंता मोरिस लेब्लाँ यांनी त्यावर रोटरच्या ध्रुवांत तांब्याचे गज बसविण्याचा उपाय सुचविला. रोटर क्षेत्राच्या तुलनेत जरा जरी मागे-पुढे झाला, तर या गजांत प्रवाह उत्पन्न होतो आणि तो त्या हलण्याला विरोध करतो. हलणे नसेल तर गज गप्प असतात. प्रतिकृतीत हे दाखवायचे तर दांडीला एक पाते लावून ते तेलात बुडवावे लागेल.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. प्रतिकृतीतल्या दांड्यांची लांबी ठरलेली आहे. खऱ्या जनित्रात ती बदलते. रोटरच्या गुंडाळीत जाणारा उत्तेजन प्रवाह वाढविला की दाब वाढतो, म्हणजे दांडी लांब होते. हे काम स्वयंचलित नियामक करतो. दाब पडला की तो उत्तेजन वाढवितो, चढला की कमी करतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे नियामक फार चपळ झाले. उद्देश चांगला होता. वाहिनीवर बिघाड झाला आणि दांडी भरकन पुढे निघाली, की त्याच क्षणी ती लांब करून तिला जोराने मागे खेचायचे. पहिल्या झोक्यात यंत्र सुटू नये म्हणून हा उपाय खरोखर गुणकारी ठरला.

पण पुढच्या झोक्यांचे काय? रोटरची गुंडाळी मोठी असते. तिच्यातला प्रवाह हुकूम मिळताच वाढत नाही, थोडा उशीर लागतो. लांब वाहिनी आणि मोठा भार असताना कोन वाढला की जनित्रापाशी दाब पडतो. नियामक उत्तेजन वाढवितो, पण दांडी प्रत्यक्षात लांब होते ती कोन वाढून झाल्यावर, रोटर परत फिरलेला असताना. म्हणजे कोन वाढत असताना ओढ कमी आणि घटत असताना जास्त. झोपाळा परत निघाला की त्याच दिशेने ढकलत राहावे, तसेच हे आहे. दर फेरीला झोका थोडा मोठा होतो. ताठपणा वाढविण्यासाठी बसविलेले यंत्रच शमन खाऊन टाकते!

डी मेलो आणि कॉनकॉर्डिया या दोघांनी १९६९ साली लिहिलेल्या एका निबंधात ही गोष्ट नीट उलगडून दाखविली. त्यावरचा उपायही याच विचारातून येतो. नियामकाला नुसत्या दाबावर सोडून न देता रोटरच्या हलण्याची खबर द्यायची आणि ती उशिराची भरपाई करून द्यायची, म्हणजे कोन वाढत असतानाच ओढ वाढेल आणि घटत असताना कमी होईल. असे उपकरण आज मोठ्या जनित्रांवर बसविलेले असते. त्याला स्थिरक म्हणता येईल. नियामक तोच, उत्तेजन तेच. फरक फक्त वेळेचा आहे.

ग्रिस्कम यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. बिघाडानंतरच्या पहिल्या एखाद्या सेकंदापुरते दांडीची लांबी ठरलेली धरणे फारसे चुकीचे नाही, कारण तेवढ्या वेळात रोटरमधले चुंबकी क्षेत्र विशेष बदलत नाही. त्यांच्या काळातला तातडीचा प्रश्नही तेवढाच होता. रॉबर्ट पार्क यांनी समकालिक यंत्राची प्रसिद्ध समीकरणे मांडली ती त्यानंतर, १९२९ साली. चूक प्रतिकृती करणाऱ्याची नाही. एका सेकंदासाठी केलेली गोष्ट मिनिटांसाठी वापरणाऱ्यांची आहे.

१० ऑगस्ट १९९६

हा वाद कागदावरचा नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात १० ऑगस्ट १९९६ रोजी कडक उन्हाळा होता. उत्तरेकडील जलविद्युत् केंद्रांतून दक्षिणेला कॅलिफोर्नियाकडे लांब वाहिन्यांवरून भरपूर वीज वाहत होती. ऑरेगन राज्यात एक तापलेली वाहिनी खाली लोंबून झाडाला टेकली आणि बंद पडली. तिचा भार इतर वाहिन्यांवर गेला. कोलंबिया नदीवरच्या मॅकनेरी केंद्रातील जनित्रे एकामागून एक बाहेर पडली. मग सारी यंत्रे दोन गटांत डोलू लागली, उत्तरेचा गट एकीकडे आणि दक्षिणेचा दुसरीकडे. एका झोक्याला सुमारे चार सेकंद लागत होते. झोके विरले नाहीत, वाढत गेले. वाहिनी झाडाला टेकल्यापासून पाच-सहा मिनिटांत जाळ्याचे चार तुकडे झाले आणि सुमारे ७५ लाख ग्राहकांची वीज गेली.

या घटनेतला आमच्या मते सर्वांत शिकविण्याजोगा भाग पुढचा आहे. घटनेनंतर अभियंत्यांनी तोच प्रसंग संगणकावर, नियोजनासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या माहितीने पुन्हा घडवून पाहिला. संगणक म्हणाला, झोके विरतात. प्रत्यक्षातल्या नोंदी सांगत होत्या, झोके वाढले. टर्बाइनांचे नियंत्रण, एकदिश वाहिनीचे नियंत्रण, ग्राहकांच्या भारांची वर्तणूक यांविषयीची गृहीतके सुधारली तेव्हा कोठे संगणकाचे चित्र नोंदींशी जुळू लागले. संगणकातली प्रतिकृती दोन दांड्यांपेक्षा हजारपट मोठी होती, तरी दोष त्याच जातीचा होता. प्रत्यक्षात नसलेले शमन तिच्यात होते.

प्रतिकृतीच्या डोळ्याआड राहणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दाब स्वतः. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ रोजी जाळे कोसळले. त्याआधीच्या अर्ध्या तासात दोनदा मंद दोलने दिसली होती आणि ती शमविण्यात आली. परंतु शमविण्यासाठी केलेल्या उपायांनी दाब वाढायला हातभार लागला आणि शेवटी जाळे कोसळले ते वाढत्या दाबाच्या साखळीने. दोन दांड्यांकडे कितीही निरखून पाहिले तरी हे दिसणार नाही.

आपल्याकडे

आपल्या देशात ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तरेचे जाळे कोसळले आणि ३१ जुलैच्या दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली. लोकांना मिळालेले स्पष्टीकरण एका ओळीचे होते: काही राज्यांनी वाट्यापेक्षा जास्त वीज उचलली. हे तराजूचे स्पष्टीकरण झाले. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. कोसळण्याच्या आधी वारंवारता ३० तारखेला ४९.६८ हर्ट्झ आणि ३१ तारखेला ४९.८४ हर्ट्झ होती. म्हणजे साऱ्या जाळ्याचा तराजू फारसा कललेला नव्हता. ताण होता तो पश्चिमेकडून उत्तरेला जाणाऱ्या मोजक्या वाहिन्यांवर. त्यांतली बिना-ग्वाल्हेर वाहिनी सुटली आणि दोन्ही बाजूंच्या यंत्रांमधला कोन वाढत जाऊन त्या एकमेकींपासून तुटल्या. स्प्रिंग ताणलेली होती. तिच्यातला एक पदर कापला गेला. दांड्यांचे चित्र मनात असलेल्या विद्यार्थ्याला हे एका वाक्यात कळते. पश्चिमेचे जाळे वेगळे होऊन तगले, म्हणून महाराष्ट्रात त्या दोन दिवसांत तसा अंधार झाला नाही.

पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी समकालिक रीतीने जोडले गेले. तेव्हापासून कोयनेचा रोटर आणि केरळातला रोटर एकाच साखळीतल्या दांड्या आहेत. जाळे जितके मोठे आणि वाहिन्या जितक्या लांब, तितकी ही दोलने संथ होतात, आणि संथ दोलनांना लेब्लाँ यांचे तांब्याचे गज पुरे पडत नाहीत. तेथे स्थिरक नीट जुळविलेला असावा लागतो.

एक समाधानाची गोष्ट सांगावीशी वाटते. ग्रिस्कम यांच्या दांड्यांमधला कोन फार काळ गणितानेच काढावा लागे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथे अरुण फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास जे मोजणी-यंत्र घडविले, त्याने उपग्रहांकडून येणाऱ्या अचूक वेळेच्या आधारे दूरदूरच्या ठिकाणांचे कोन एकाच क्षणी मोजता येऊ लागले. आज भारतातही अशी यंत्रे बसविलेली आहेत. प्रतिकृतीतला कोन आता पडद्यावर दिसतो.

वर्गात काय करावे?

आमची सूचना अशी की प्रतिकृती टाकू नये, तिच्यात भर घालावी. स्प्रिंग आणि दांड्या जमल्या नाहीत तरी चालेल. प्रयोगशाळेतला पट्टीचुंबक पुरे. गळाला वापरतात त्या नायलॉनच्या दोरीने तो आडवा टांगा. जवळ लोखंड नको. तो उत्तर-दक्षिण थांबेल. चुंबकावर पडणारा पीळही कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतो, म्हणून ही प्रतिकृतीसुद्धा समीकरणाला धरून आहे.

आता दोरीचे वरचे टोक हळूहळू पिळा. हा भार. दर वेढ्याला चुंबक उत्तरेपासून किती सरकला ते मोजा. आधी सारखे सरकणे, मग दर वेढ्याला अधिक सरकणे, आणि ९० अंशांच्या जरा पलीकडे एकदम सुटणे. मर्यादा जवळ आली की चुंबकाचे दोलन संथ होते, हेही विद्यार्थ्यांना मोजू द्या.

मग चुंबक ४० ते ५० अंशांवर ठेवा. उत्तरेच्या बाजूला दुसरा चुंबक, त्याचा दक्षिण ध्रुव टांगलेल्या चुंबकाकडे करून, थोडा जवळ आणा. कोन कमी होईल आणि दोलने भराभर होतील, पण ती लवकर थांबणार नाहीत. ताठपणा वाढला, शमन वाढले नाही. टांगलेल्या चुंबकाला कागदाचे पाते लावून ते पाण्यात बुडविले की दोलने लगेच विरतील. ते लेब्लाँ यांचे गज.

शेवटी पाते काढा आणि दुसरा चुंबक एका विद्यार्थ्याच्या हातात द्या. त्याने कोन घटत असताना चुंबक जवळ आणावा, वाढत असताना दूर न्यावा. झोके वाढत जातील. तोच विद्यार्थी, तोच चुंबक, वेळ तेवढी उलटी करा: कोन वाढत असताना जवळ, घटत असताना दूर. झोके विरतील. उशिरा केलेली मदत कशी नडते, हे त्या विद्यार्थ्याच्या हाताला कळेल.

यानंतर पहिला प्रश्न पुन्हा विचारावा. चंद्रपूर आणि कोयना यांना एका तालात कोण ठेवते? कुलूप नाही, हलगीवाला नाही. मधल्या तारांमधली ताणलेली ओढ त्यांना एकत्र ठेवते आणि ती ओढ डोलू नये म्हणून कोणीतरी वेळ सांभाळत असतो. वाचकांपैकी ज्यांनी हा प्रयोग करून पाहिला असेल, त्यांनी वर्गात विद्यार्थ्यांनी कोणते प्रश्न विचारले ते आम्हांला जरूर कळवावे. विशेषतः ज्यांची उत्तरे देता आली नाहीत, ते.